बैलाचा पाय आणि प्रतिकारशक्तीचीं औषधें

पोळा जवळ आला कीं आमच्या मराठवाड्यांत गांवोगांव बैलांची निगा सुरू होते. खांदे मळावे, शिंगें रंगवावीं, अंगावर झूल घालावी, पुरणाचा घांस द्यावा, हा एका दिवसाचा सोहळा झाला. परंतु वर्षाचे उरलेले दिवस तो प्राणी ज्यांच्यावर उभा राहतो ते चार पाय धड आहेत कीं नाहींत, ही चिंता शेतकऱ्याच्या घरीं बाराही महिने असते. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हें श्रीनृसिंहाचें गांव आहे. त्या देवतेच्या दर्शनास दूरदूरचीं कुटुंबें येतात. त्यांपैकीं पुष्कळांची वस्ती आज परभणी, पुणें, मुंबई अशा ठिकाणीं असली, तरी चार बिघे काळी जमीन व ती कसणाऱ्याचे बैल हा संबंध अद्याप सुटलेला नाहीं. यंत्राचा नांगर सर्वत्र आला हें खरें. पण कोळपणी, पेरणी आणि गाडी यांकरितां लाल कंधारी किंवा देवणी बैलाची जोडी अजून पुष्कळ दावणींना दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतला एक लंगडूं लागला म्हणजे त्या घराची पेरणीच लंगडी होते.

ह्या महिन्यासाठीं आम्हीं जो विषय निवडला आहे, तो वरवर पाहतां पशुवैद्यांचा आहे. शरीराची प्रतिकारशक्ति चेतविणारीं द्रव्यें दिलीं असतां जनावराच्या तुटलेल्या कंडरेची जखम लवकर व चांगली भरून येते काय, हा तो विषय. परंतु आमच्या वाचकांच्या घरांतही तो तितकाच लागू आहे. इ. स. २०२० च्या करोनाच्या सांथीपासून 'प्रतिकारशक्ति' हा शब्द आपल्या माजघरांत येऊन बसला आहे. सकाळचा काढा, दुपारची गोळी, रात्रीचें चूर्ण. आजीबाईंच्या गुडघ्यापासून नातवाच्या पडशापर्यंत सर्व दुखण्यांचें मूळ एकच, कीं प्रतिकारशक्ति कमी पडली, आणि उपायही एकच, कीं ती वाढवावी. हा समज कितपत खरा आहे हें पारखून पाहण्यास बैलाच्या पायासारखें दुसरें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

प्रथम कंडरा म्हणजे काय तें पाहूं. मांसाचा गोळा आणि हाड यांना जोडणारी जी चिवट, पांढरी, चकचकीत दोरी असते, ती कंडरा. आपल्या टांचेच्या मागें हात लावून पाहिला असतां ती सहज सांपडते. जनावराच्या मागच्या पायांतील अशाच जाड दोरीला जुने लोक धोंडशीर म्हणत. सुश्रुताचार्यांनीं शारीरस्थानांत मोठ्या कंडरा सोळा व स्नायु नऊशें सांगितले आहेत. आज आपण मांसपेशीस स्नायु म्हणतों; त्यांचा स्नायु म्हणजे बांधणारा तंतु. अनेक बंधनांनीं आवळलेली फळ्यांची नौका जशी भार वाहते तसें हें शरीर स्नायूंनीं बांधलें आहे, असा दृष्टांत देऊन ते पुढें म्हणतात कीं, हाड, पेशी, शिरा किंवा सांधा यांच्या दुखापतीपेक्षां स्नायूची दुखापत अधिक घातक. हाड मोडून जुळलेला बैल पुन्हां औताला लागलेला दिसतो. शीर तुटलेल्या बैलाविषयीं मात्र अनुभवी शेतकरी मान हलवितो. ह्याचें कारण आजच्या शरीरशास्त्रानें स्पष्ट केलें आहे. कंडरा बहुतांशीं कोलॅजन नांवाच्या तंतूंची बनलेली असते. ते तंतु एकाच दिशेनें, वेणीच्या पेडांप्रमाणें रचलेले असतात. त्यांच्यामध्यें जिवंत पेशी थोड्या आणि रक्तवाहिन्या तर त्याहून विरळ. जेथें रक्त कमी पोंचतें तेथें दुरुस्तीचें सामानही कमी पोंचतें.

ही दोरी तुटते कशी? नांगरणींत बैल बिचकला किंवा औत उसळलें, म्हणजे मागच्या पायाला फाळ लागतो आणि खुराच्या वर आडवा छेद जातो. शेताच्या कुंपणाची काटेरी तार हें दुसरें कारण. उसाच्या हंगामांत बीड व परभणीकडचे मजूर पश्चिम महाराष्ट्रांत तोडणीस जातात. तेथें गाडीवर वाजवीपेक्षां अधिक ऊस लादला म्हणजे चढावर कंडरेचे तंतु आंतल्याआंत उसवतात. वर कातडी शाबूत, आंत मात्र सूज आणि कळ. शर्यतीच्या घोड्यांचें हें दुखणें तर प्रसिद्धच आहे. पुण्याच्या व महालक्ष्मीच्या मैदानांवर धांवणाऱ्या लाखमोलाच्या घोड्याचा पुढचा पाय असा उसवला, कीं त्याची कारकीर्द बहुधा संपते.

जखम झाल्यावर शरीर तीन पायऱ्यांनीं कामास लागतें. पहिली दाहाची, ही कांहीं दिवस चालते. पांढऱ्या रक्तपेशी प्रथम कांहीं तासांतच येऊन जंतूंशीं झुंजतात. मागून एक दोन दिवसांत महाभक्षक पेशी येतात व मेलेले तंतु, सांकळलेलें रक्त, घाण, सर्व गिळून जागा साफ करतात. दुसरी पायरी नव्या तंतूंची. ही कांहीं आठवडे चालते. परंतु हे तंतु घाईनें विणलेले, बारीक आणि अस्ताव्यस्त असतात. तिसरी पायरी ह्या विसकटलेल्या विणकामास ओढीच्या दिशेनें लावण्याची. ही सुमारें सहा आठवड्यांनंतर सुरू होऊन वर्षभर, कधीं त्याहूनही अधिक चालते. इतकें झाल्यावरही जुळलेली कंडरा मूळच्या कंडरेइतकी बळकट क्वचितच होते. तिच्या जागीं वण येतो. शिवाय हा वण आसपासच्या पडद्यांना चिकटला म्हणजे दोरी सरकेनाशी होते आणि पाय आंखडतो.

येथें महाभक्षक पेशींची गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्यांचें वर्तन प्रसंगानुसार पालटतें. आरंभीं त्या उग्र असतात. जंतु मारणें व मोडतोड करणें हें त्यांचें काम. मागाहून त्यांचेंच रूप सौम्य होतें, आणि त्या नव्या तंतूंच्या वाढीस चालना देणारीं द्रव्यें सोडूं लागतात. पोखर्णीच्या देवतेची कथा आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. हिरण्यकशिपूच्या वधासाठीं तें उग्र रूप आवश्यक होतें. पण कार्य झाल्यावर तें शांत होईना, तेव्हां देवही जवळ जाण्यास धजले नाहींत, आणि अखेर प्रल्हादानें त्यास शांत केलें. जखमेंतही हेंच दोन अंकी नाटक चालतें. पहिला अंक झालाच नाहीं तर घाण सांचते व जखम चिघळते. पहिला अंक संपलाच नाहीं तर जागा सुजलेली राहते आणि वण दाट होतो.

आतां ही उग्रता बाहेरून वाढवावी ही कल्पना नवी आहे काय? मुळींच नाहीं. आमच्या भागांत लंगडणाऱ्या बैलाच्या पायाला तापलेल्या लोखंडाचा डाग देतात, किंवा सुजेवर बिब्बा घालतात. ह्या दोन्ही उपचारांच्या मुळाशीं एकच विचार आहे, कीं दुखणें जुनाट होऊन झोपलें आहे, त्यास चटका देऊन जागें करावें, म्हणजे रक्त धांवून येईल व जागा भरेल. विलायतेंतही घोड्यांच्या कंडरांस असेच डाग देण्याची चाल होती, आणि ती अडाणी लोकांची नव्हे, तर पदवीधर पशुवैद्यांची. अखेर ब्रिस्टल येथील विद्वानांनीं ह्या उपायाची पद्धतशीर परीक्षा केली व १९८३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, कीं डागण्यानें कंडरेस कांहीं एक लाभ होत नाहीं. कातडी जळते, जनावर विव्हळतें, आणि गुण येतो तो डाग दिल्यानंतर सक्तीनें मिळणाऱ्या विश्रांतीचा. डाग दिलेल्या बैलाला महिनाभर औताला धरीत नाहींत. श्रेय मात्र लोखंड घेऊन जातें.

डागाची जागा पुढें औषधांनीं घेतली. १८८२ सालीं मेसिना येथें मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत कांटा रुतवून पाहिला, तों त्याभोंवतीं भक्षक पेशी गोळा झालेल्या दिसल्या. ह्या शोधमालिकेबद्दल त्यास १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं लिबोविच आणि रॉस यांनीं गिनीपिग प्राण्यांतील महाभक्षक पेशी कमी करून त्यांच्या जखमा पाहिल्या, तेव्हां घाण निघण्यास व नवे तंतु येण्यास उशीर झाला. ह्यावरून सहजच वाटूं लागलें कीं, ह्या पेशी कमी केल्यानें जखम रेंगाळते, तर त्या चेतविल्यानें ती लवकर भरली पाहिजे.

चेतविणारीं द्रव्यें तोंपर्यंत हातीं आलींच होतीं. लेव्हामिसोल हें औषध आमच्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचें आहे. गुरांच्या व शेळ्यामेंढ्यांच्या पोटांतील जंतांवर तें देतात. बेल्जममध्यें १९६६ च्या सुमारास तें निघालें, आणि १९७१ सालीं रेनू दांपत्यानें उंदरांवर दाखवून दिलें, कीं तें लशीचा प्रभावही वाढवितें. तेव्हांपासून जंतांचें हें औषध प्रतिकारशक्तीचें औषध म्हणून निरनिराळ्या रोगांत वापरून पाहण्यांत आलें. यीस्टपासून काढलेलें ग्लुकन, कोरफडीच्या गरांतील शर्करामय द्रव्य, हींही त्याच वर्गांतलीं. आपल्या गुळवेलीचा अभ्यास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठ्या चिकाटीनें केला. तिच्यामुळें भक्षक पेशींचें काम सुधारतें असें त्यांस दिसलें, आणि पित्तमार्ग अडून झालेल्या कावीळींत शस्त्रक्रियेपूर्वीं ती दिल्याचा लाभ झाल्याचें त्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलें. अमृता ह्या नांवानें ज्या वेलीस आपल्या पूर्वजांनीं गौरविलें, तिची प्रयोगशाळेंत कसोटी लावण्याचें हें काम आम्हांस फार मोलाचें वाटतें.

परंतु येथेंच विचारी वाचकानें थांबावें. वरील सिद्धांताची दुसरी बाजू नंतरच्या प्रयोगांनीं पुढें आणली आहे. २००३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं मेंढीच्या गर्भांतील पिल्लाची कंडरा आणि वाढलेल्या मेंढीची कंडरा, दोन्हींस सारखीच जखम करून ताडून पाहिल्या. मोठ्या मेंढीच्या कंडरेंत वण आला व ती दुबळी राहिली. गर्भांतील कंडरा मात्र जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी पूर्ववत् जुळली. गर्भांतील प्रतिकारसंस्था अपक्व असते आणि तेथें दाह अगदीं अल्प होतो, हें येथें ध्यानांत ठेवावयाचें. पुढें २००८ सालीं उंदरांच्या गुडघ्यांत कंडरेचा तुकडा हाडाच्या बोगद्यांत बसवून, कांहींच्या महाभक्षक पेशी औषधानें कमी करण्यांत आल्या. तेव्हां त्या उंदरांतच वण कमी आला आणि कंडरा हाडाला अधिक घट्ट धरली. म्हणजे गिनीपिगच्या कातडीनें जें सांगितलें, त्याच्या बरोबर उलट उंदराच्या कंडरेनें सांगितलें.

हा विरोध खरा आहे कीं भासमान? आमच्या मतें तो प्रसंगभेदानें सुटतो. फाळ लागून चिखलशेणानें भरलेली जखम ही एक गोष्ट. तेथें जंतु आहेत, मेलेलें मांस आहे, जनावर बहुधा जंतांनीं व अपुऱ्या वैरणीनें अशक्त झालेलें आहे. तेथें सेना दुबळी असेल तर तिला बळ देण्यांत अर्थ आहे. परंतु कातडी शाबूत असतां आंतल्याआंत उसवलेली, किंवा स्वच्छ करून टांका घातलेली कंडरा ही अगदीं निराळी गोष्ट. तेथें शत्रु नाहींच. तेथें सेना वाढविणें म्हणजे शांत गांवांत पलटण उतरविणें. ती बसून काय करणार? ती वण वाढविते. वेळेचाही प्रश्न आहेच. पहिल्या तीन दिवसांत जें साह्य होईल, तेंच तिसऱ्या आठवड्यांत अडथळा ठरेल. आणि मात्रेचाही, लेव्हामिसोल थोडें दिलें असतां ही शक्ति चेतते, अधिक किंवा सतत दिलें असतां ती उलट दबूं शकते. ह्या कारणांनीं कंडरेच्या जखमेवर असें एखादें औषध नित्याचा मान्य उपचार म्हणून आजतागायत रूढ झालेलें नाहीं. घोड्यांत अस्थिमज्जेंतील मूळ पेशी कंडरेंत टोंचण्याचा जो उपचार २००३ पासून इंग्लंडांत पुढें आला, त्याचाही गुण त्या पेशी दाहाला वळण लावतात ह्यांत मोठ्या अंशानें असावा, असें आतां मानतात. चेतविण्यापेक्षां वळण लावण्याकडे शास्त्राचा कल झुकत आहे.

मग दाह सरसकट दाबून टाकावा काय? तोही धडा आपल्या देशानें फार महागांत घेतला आहे. स्टेरॉइडचें इंजेक्शन कंडरेंत दिलें तर कळ थांबते, पण तंतु दुबळे होऊन पुढें ती तुटण्याचें भय असतें. आणि डायक्लोफिनॅकची कथा तर सर्वांस ठाऊक असावी. लंगड्या, सुजलेल्या गुरांना हें स्वस्त वेदनाशामक सर्रास टोंचलें जाई. तीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस गिधाडें खात आणि मूत्रपिंडें निकामी होऊन मरत. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत भारतांतील गिधाडांच्या तीन जाती शेंकडा पंचाण्णवांहून अधिक घटल्या. कारण २००४ सालीं उघडकीस आलें, २००६ सालीं गुरांसाठीं ह्या औषधावर बंदी आली, आणि २०२३ सालीं किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक हींही त्याच कारणानें बंद झालीं. मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस निरुपद्रवी ठरलेलें औषध उपलब्ध आहे. पशुवैद्यास त्याचें नांव घेऊन विचारण्यास संकोच करूं नये. बैलाचा पाय आणि आकाशांतील पक्षी यांची गांठ अशी बांधलेली असते.

आतां घरांतील माणसांकडे वळूं. ज्या गुळवेलीची आम्हीं वर प्रशंसा केली, तिचीच दुसरी बाजू मुंबईंतच दिसून आली. २०२० सालच्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या काळांत मुंबईच्या वैद्यांनीं यकृतास इजा झालेले सहा रोगी पाहिले. सर्वांनीं प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून गुळवेल घेतली होती. हा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयानें त्या निष्कर्षास हरकत घेतली, आणि वनस्पतीची ओळख पटविण्याचा मुद्दा पुढें केला. तो वाद विद्वानांनीं करावा. परंतु त्या वैद्यांस ह्या रोग्यांत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याचीं लक्षणें आढळलीं, हें आपण गृहस्थाश्रमी मंडळींनीं विसरूं नये. ज्यांना संधिवात किंवा तत्सम स्वप्रतिकाराचे विकार आहेत, त्यांच्या शरीरांत सेना आधींच स्वकीयांवर चालून गेलेली असते. तिला आणखी काढा पाजणें हा शहाणपणा नव्हे. सूनबाईंनीं प्रेमानें उकळलेला काढा सासूबाईंनीं घ्यावा. पण आधीं वैद्यास विचारून घ्यावा, आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसतांच तो बंद करून तपासून घ्यावें.

आतां ज्यांच्या गोठ्यांत हा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं चार उपयुक्त गोष्टी सांगतों. फाळ लागतांच बैल जागीं उभा करावा. चालवीत घरीं आणूं नये, कारण प्रत्येक पावलास तुटलेलीं टोकें दूर जातात. जखमेंत राख, चुना किंवा शेण भरूं नये. धनुर्वाताचें भय असतें. भरपूर स्वच्छ पाण्यानें धुऊन, धुतलेल्या कापडानें दाबून बांधावी, आणि पहिल्या कांहीं तासांतच पशुवैद्यास गांठावें. खुराचें टोक वर उचललें गेलें असेल, तर मागची वांकविणारी कंडरा तुटली असें समजावें, हें गंभीर. पाऊल पुढें मुडपत असेल तर पुढची ताणणारी तुटली. ही बहुधा बरी होते. मागच्या पायाचा मधला सांधाच जमिनीकडे खचला असेल तर धोंडशीर गेली. तेथें आशा थोडी. टांका घातल्यावर सहा ते आठ आठवडे पाय बांधून ठेवावा लागतो, आणि त्यापुढेंही काम हळूहळू वाढवावें. १९६२ ह्या दूरध्वनि क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यक पथकाची सोय आहे. परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय आहे; पूर्वीं तें १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाकडे होतें, आतां नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. पोखर्णीसारख्या गांवास तें हाकेच्या अंतरावर असतां डाग देणाऱ्याच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं.

अखेरची गोष्ट जमिनीच्या मालकांसाठीं. ह्या सर्व उपचारांत सर्वांत महाग औषध म्हणजे दोन तीन महिन्यांची विश्रांति. तें औषध कसणाऱ्या कुळाच्या खिशास परवडत नाहीं, म्हणून तो आठव्या आठवड्याऐवजीं तिसऱ्याच आठवड्यांत बैल जुंपतो, आणि अर्धवट विणलेली दोरी पुन्हां उसवते. शहरांत बसून वाटा घेणाऱ्या आमच्या वाचकांनीं त्या हंगामापुरतें भाड्याच्या औताचें किंवा ट्रॅक्टरचें मोल स्वतः उचललें, तर तो बैल वाचण्याचा संभव पुष्कळ वाढेल. पोळ्याला धाडावयाच्या झुलीबरोबर एवढी तजवीज जरूर करून ठेवावी.